जुनी गो-कार्ट पुन्हा धावती करताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

अडगळीत पडलेली जुनी गो-कार्ट घरी आली की पहिल्याच संध्याकाळी हात शिवशिवायला लागतात. पाने काढावेत, सगळं खोलून मोकळं करावं, तारेचा ब्रश फिरवावा आणि रंगाचा डबा उघडावा असं वाटतं. माझी एवढीच विनंती आहे की पहिले दोन दिवस तिला पाना लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने कार्टचं जे नुकसान होतं ते बरंचसं भरून काढता येतं. नव्या मालकाच्या घाईत जे जातं ते मात्र परत येत नाही. गंज निघतो, पण खरवडून टाकलेला मूळ रंग, हातोडीने तडकलेलं कास्टिंग (ओतीव धातूचा भाग) आणि कुठला वॉशर कुठे होता ही माहिती पुन्हा मिळत नाही.

शिकायला कार्टसारखी गाडी नाही असं मी मनापासून सांगतो. तिला सस्पेन्शन नाही, मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल नाही, बहुतेक जुन्या कार्टना गिअरबॉक्सही नाही. वळणावर सांगाडा किंचित पिळवटतो आणि आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होतं, म्हणून अखंड एक्सल असूनही गाडी वळते. नवशिक्याला एकेक बोल्ट समजून घेता येईल इतकीच ती मोठी आहे. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी लू बोरेली यांच्या मदतीने पहिली कार्ट बनवली, तेव्हा त्यांनी थोडे पाइप आणि वेस्ट बेंड कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन वापरलं होतं. इंगल्स रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कुर्टिस क्राफ्टमध्ये काम करायचे. 1959 मध्ये मॅककुलक कंपनीने एमसी-10 हे इंजिन कार्टसाठी आणलं. ही कंपनी लाकूड कापायच्या यांत्रिक करवती बनवायची. हे लक्षात ठेवा, पुढे कार्ब्युरेटरपाशी उपयोगी पडेल.

आधी ओळख पटवा

पहिले दोन दिवस फक्त बघण्याचे आणि लिहिण्याचे. सांगाड्यावर कुठे नंबर ठोकलेला आहे का, छोटी पट्टी रिव्हेट केलेली आहे का ते शोधा. अशी पट्टी बऱ्याचदा रंगाच्या दोन-तीन थरांखाली गाडलेली असते, म्हणून बोटाने चाचपून बघा. इंजिनवरचा नंबर आणि अक्षरं रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचा. इंजिन सीटच्या मागे बसवलेलं असेल तर कार्ट सुरुवातीच्या काळातल्या धाटणीची. इंजिन सीटच्या शेजारी असेल तर बहुधा त्यानंतरची.

मग व्हर्नियर घेऊन मागच्या एक्सलचा व्यास मोजा. 25.4 मिलिमीटर म्हणजे एक इंच, 31.75 म्हणजे सव्वा इंच. असं माप आलं तर गाडी इंचांच्या हिशेबाने बनलेली आहे. 25 किंवा 30 मिलिमीटर आलं तर मेट्रिक. हा फरक पुढे प्रत्येक नट-बोल्टला नडतो. पाच-सोळांश इंची बोल्ट 7.94 मिलिमीटरचा आणि एम-8 बोल्ट 8 मिलिमीटरचा. हातात धरले तर दोन्ही सारखेच वाटतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे सुरळीत जातो, तिसऱ्या फेऱ्याला जड होतो आणि पान्याने जोर लावला की आटे गेले. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या अंगात असं झालं तर लेथवाल्याकडे खेटे घालावे लागतात. म्हणून थ्रेड गेज घ्या. पात्यांचा छोटासा गुच्छ असतो, आट्यांवर ठेवला की पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, लगेच कळतो. संपूर्ण कामात मी सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार तेच आहे.

खोलताना

एक भाग काढण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून आणि बाजूने. केबल कुठून वळून जाते, स्प्रिंगचा आकडा कुठल्या भोकात आहे, वॉशर नटाच्या आत आहे की बाहेर, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. मग तो भाग आणि त्याचेच नट-बोल्ट एका पिशवीत घाला, त्यावर चिठ्ठी लावा. 'पुढचं डावं चाक, स्पिंडलचा नट, आतून बाहेर' असं नीट लिहा. सगळे बोल्ट एका डब्यात टाकून 'नंतर बघू' म्हणणाऱ्याची गाडी वर्षभर जुळत नाही. मी माझ्या पहिल्या कार्टच्या वेळी स्टिअरिंग आणि पुढची चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे फोटो काढले नाहीत. त्याच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. जोर लावून उलटा आटा सरळ दिशेला फिरवला आणि रॉडचं टोक वाया घालवलं.

जाम झालेल्या बोल्टशी भांडू नका. गंज सोडवणारं तेल लावा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. 'टक्' असा आवाज आला की गंजाची पकड सुटली, मग उलट फिरवा. तरीही हलत नसेल तर नट तापवावा लागेल. पण त्याआधी त्या जागेवर ब्रेक क्लिनरचा मागमूस नाही याची खात्री करा. क्लोरिन असलेलं क्लिनर तापलं की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू सुटतो. वेल्डिंगलाही हाच नियम लागू.

आणखी दोन गोष्टी खोलतानाच जपायच्या. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या प्रेशरने कधीही उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. दुसरं म्हणजे जुन्या कार्टची चाकं, बेअरिंगचे हाउसिंग आणि इंजिनचे माउंट कधी कधी मॅग्नेशियमचे असतात. ॲल्युमिनियमहूनही हलका लागणारा, करड्या झाकेचा भाग हातात आला तर त्यावर ग्राइंडर चालवू नका. मॅग्नेशियमचा भुसा पेटतो, आणि त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते.

सांगाडा: चीर शोधा, पीळ मोजा

सगळं उतरवून झालं की सांगाडा धुवा. लगेच पॉलिश पेपर घेऊ नका, आधी चिरा शोधा. चिरा ठरावीक जागी येतात: पुढचं चाक ज्यावर बसतं त्या स्पिंडलच्या पकडीच्या मुळाशी, मागच्या एक्सलच्या बेअरिंगचे हँगर जिथे पाइपला जोडलेत तिथे, सीटच्या टेकूंच्या वेल्डपाशी आणि स्टिअरिंगच्या खांबाच्या बुडाशी. रंगावर केसासारखी तपकिरी रेघ दिसली तर ती रंगाची चीर नसून आतून झिरपलेल्या गंजाची खूण असण्याची शक्यता जास्त.

यासाठी जुन्या मिस्त्रींची रॉकेल आणि खडूची युक्ती अजूनही उत्तम आहे. संशयित जागेवरचा रंग काढून धातू उघडा करा, रॉकेल चोपडा आणि वीस मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्याने अगदी कोरडं होईपर्यंत पुसा आणि वर पांढऱ्या खडूची पूड हलक्या हाताने पसरा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते. पहिल्यांदा ती रेघ उमटताना पाहिली तेव्हा मी पूर्ण सांगाडा याच पद्धतीने तपासला, आणि चांगला दिसणाऱ्या बाजूलाच आणखी एक चीर निघाली.

चीर नुसती वरून वेल्ड करून भागत नाही. टोकापर्यंत खाच पाडून वेल्ड भरावं लागतं. काही सांगाडे साध्या माइल्ड स्टीलचे, काही क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे असतात आणि दोन्हींची वागणूक वेगळी. तुमचा हात वेल्डिंगवर बसलेला नसेल तर इथे शिकत बसू नका, पाइपचं काम करणाऱ्या वेल्डरकडे द्या. सांगाड्याच्या वेल्डवर जीव टांगलेला असतो.

पीळ मोजायला सपाट जागा लागते, चांगल्या फरशीवरही काम भागतं. सांगाड्याखाली चार सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा. एका कोपऱ्याखाली फट राहिली, त्याच कोपऱ्यावर दाबल्यावर ती मिटली आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्याखाली फट पडली, तर सांगाडा पिळलेला आहे. मग कर्ण मोजा: पुढच्या डाव्या किंगपिनच्या (ज्या खिळीभोवती चाक वळतं तिच्या) मध्यापासून मागच्या उजव्या बेअरिंगच्या मध्यापर्यंत, आणि तसंच उलट. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जुन्या कार्टला माफ. त्याहून बराच जास्त असेल तर कधीतरी ती कशाला तरी आदळलेली आहे, आणि ती जाणकाराच्या हातून सरळ करून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

इंजिनाआधी ब्रेक आणि स्टिअरिंग

बहुतेक जण आधी इंजिन सुरू करतात. आवाज ऐकण्याचा मोह मलाही समजतो. पण इंजिन चालू झालं की गाडीवर बसण्याचा मोह होतोच, आणि त्या क्षणी ब्रेक नसतील तर? म्हणून हा क्रम मी कधीच मोडत नाही.

सुरुवातीच्या कार्टना पट्ट्याचे किंवा ड्रमचे ब्रेक असतात, नंतरच्यांना डिस्क. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर मास्टर सिलिंडर खोलून आतली भिंत बघा. बोटाच्या नखाला अडकेल असा खड्डा असेल तर नवं सील टाकून उपयोग नाही, ते महिनाभरात फाटेल. रबरी सील आणि होज न बघताच बदला, वरून कितीही चांगले दिसले तरी. ब्रेक ऑइल कुठल्या प्रकारचं चालतं ते सीलच्या जातीवर ठरतं, म्हणून दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. जुनं काय होतं ते कळत नसेल तर सगळे सील नवे टाका आणि त्या सीलना चालणारं एकच ऑइल भरा. डॉट-3 आणि डॉट-4 रंग खातात, तेव्हा सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पेडलपासून सिलिंडरपर्यंत जाणाऱ्या सळईला समांतर एक जादा स्टीलची केबल जोडून ठेवा. सळई निखळली तरी ब्रेक हातचा जात नाही.

स्टिअरिंग तपासायला पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. खट्खट् आवाज आला तर प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते दुसऱ्याला बघायला सांगा: किंगपिनच्या बुशमध्ये, टाय रॉडच्या टोकात, की स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी. टाय रॉडची टोकं झिजली असतील तर सगळीच्या सगळी बदला. स्पिंडल वाकलेलं असेल तर सरळ करू नका, दुसरं घ्या. आणि स्पिंडल किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर क्रोम चढवून घेऊ नका. प्लेटिंगच्या प्रक्रियेत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि एक दिवस काही न सांगता मोडतं. चमक हवीच असेल तर ती बंपरवर आणा.

जुळवताना नायलॉनचे लॉक नट प्रत्येक वेळी नवे. स्टिअरिंगच्या प्रत्येक बोल्टला लॉक नट किंवा कॉटर पिन हवीच. पुढच्या चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा, सुरुवातीला समांतर ठेवलीत तरी चालेल.

चाकं

इथे एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती वाचल्याशिवाय चाकाला हात लावू नका. कार्टची बरीच रिम दोन अर्धी एकमेकांना बोल्टने जोडलेली असतात. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर रिमची दोन अर्धी बंदुकीच्या गोळीसारखी सुटतात. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढा, हवा पूर्ण गेली याची खात्री करा, टायर हाताने दाबून बघा, आणि मगच पाना लावा.

टायरचं रबर कडक झालं असेल, कडेला जाळीसारख्या भेगा असतील तर ते दाखवण्यापुरते ठेवा, चालवायला नवे घ्या. मूळ टायर फेकू मात्र नका.

इंजिन

पिस्टन जाम आहे म्हणून घाबरू नका. पूर्वी टू-स्ट्रोकमध्ये एरंडेल वापरायचे. ते वाळलं की रोगणासारखा तपकिरी, चिवट थर तयार होतो आणि रिंगा चिकटून बसतात. म्हणजे जाम इंजिन नेहमी गंजलेलंच असतं असं नाही. स्पार्क प्लग काढा, एक्झॉस्ट काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात आत बघा. पिस्टनची बाजू, रिंगा आणि सिलिंडरची भिंत थेट दिसते. उभे खोल ओरखडे असतील तर इंजिन कधीतरी गरम होऊन पकडलेलं आहे. भिंत तपकिरी पण गुळगुळीत असेल तर नशीब चांगलं. ॲसिटोन त्या थराला विरघळवतं. प्लगच्या भोकातून थोडं सोडा, ज्वाला आणि ठिणगी लांब ठेवा, खोली हवेशीर ठेवा. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल. दोन्हींत दिवस मोजा, तास नाही. फ्लायव्हीलच्या पंख्याच्या पात्यात पहार घालून फिरवायचा प्रयत्न केलात तर पाती तुटतील, आणि तशी फ्लायव्हील मिळणं फार अवघड असतं.

फ्लायव्हील काढताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी भरायची पद्धत चांगली आहे. पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर चढून पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) पूर्ण झाकले गेल्यावरच दोरी आत घाला, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकून कापली जाते. पिस्टन अडवायला आत स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. नट सुटला की पुलर लावा. फ्लायव्हील निघाली की तिची छोटी चावी बघा. ती अर्धवट कापली गेली असेल तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते, आणि सगळं ठीक असूनही इंजिन मागे झटका देतं. चावी स्वस्त भाग आहे, सरळ नवी टाका.

त्याखाली पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन विजेचे संपर्क, आणि कंडेन्सर. पडून राहिलेल्या पॉइंटच्या तोंडांवर न दिसणारा थर जमतो आणि ठिणगीच येत नाही. अगदी बारीक कानशीने दोन हात मारा, मग कोरं जाड कार्ड पॉइंटमध्ये धरून ओढा, म्हणजे कचरा निघून येईल. त्यानंतर फीलर गेजने फट लावा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या पॉइंटवाल्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांना 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर लागतो. इतर इंजिनांचं माप वेगळं असतं, ते त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या, अंदाजाने नको. प्लग बाहेर काढून त्याचं अंग इंजिनला टेकवा आणि फ्लायव्हील जोरात फिरवा. हे करताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ नको. निळी, टचकन वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी आली तर कंडेन्सर बदलून बघा, मग कॉइलकडे वळा.

आता कार्ब्युरेटर. टू-स्ट्रोक कार्टवर बहुधा टिलॉटसनसारखा पडद्याचा कार्ब्युरेटर असतो. सुरुवातीला सांगितलेली करवत आडवी, उलटी, कशीही धरावी लागते, म्हणून तरंगता फ्लोट चालत नाही, त्याऐवजी पातळ पडदे असतात. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने एक पडदा पेट्रोल ओढतो, दुसरा ते मोजून आत सोडतो. हे पडदे वर्षांनी पुठ्ठ्यासारखे ताठ होतात. बोटावर घेऊन वाकवा. कडकड आवाज आला किंवा आकार तसाच राहिला तर टाकून द्या, दुरुस्तीचा संच आणा. संच लावताना गॅस्केट आणि पडदा यांचा क्रम फोटोत बघूनच ठेवा, उलटा क्रम लागला तर इंजिन सुरूच होत नाही आणि कारण सापडत नाही. टिलॉटसनच्या एचएल मालिकेत आतला छोटा दांडा चेंबरच्या तळाशी समतल असावा लागतो. एक पट्टी आडवी धरून ते सहज बघता येतं. आतली बारीक जाळी विसरू नका. ती दिसतच नाही आणि अर्धा त्रास तिच्यातच असतो. सुईचे दोन्ही स्क्रू अलगद बंद करून साधारण एक फेरा उघडा, सुरुवात तिथून करा. घट्ट आवळलेत तर सुईच्या टोकाला खाच पडते.

टू-स्ट्रोकचे क्रँकचे ऑइल सील न चुकता बदला. हे अनेक जण टाळतात, कारण इंजिन सुरू तर होतं. पण ताठ झालेल्या सीलमधून जादा हवा आत जाते, मिश्रण विरळ होतं, पिस्टन तापतो आणि पहिल्याच जोराच्या फेरीत पकडतो. जे इंजिन इतकी वर्षं टिकलं ते दोन रबरी चकत्यांसाठी घालवू नका. पिस्टन काढलात तर गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) सर्क्लिपही नव्याच, आणि रिंगांची तोंडं पिस्टनच्या छोट्या खिळ्यांवर नेमकी बसली आहेत का ते दोनदा बघा.

इंजिन धुताना कॉस्टिकवालं क्लिनर वापरू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. वाळूचा मारा तर नकोच. एखादा कण कोपऱ्यात राहिला की तो बेअरिंगमध्ये जातो.

इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, क्रँककेसमध्ये भरायचं. आणि इंजिनचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढू नका. ब्रिग्जची अशी इंजिनं मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या आसपास रोखलेली असतात आणि त्यांची मूळ फ्लायव्हील व कनेक्टिंग रॉड त्याच हिशेबाचे असतात. वेगाच्या हौसेने गव्हर्नर सोडला तर फ्लायव्हीलचे तुकडे होऊन उडू शकतात, आणि ती नेमकी चालवणाऱ्याच्या पाठीशी असते.

टू-स्ट्रोकला सुरुवातीला लिटरला 50 मिलिलिटर तेल, म्हणजे वीसास एक, हे जुन्या इंजिनांना मानवणारं प्रमाण आहे. तुमच्या इंजिनाचं पुस्तक याहून जास्त सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका. टाकीतलं जुनं पेट्रोल टाकून द्या, पाइप नवे घाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर फुगवतं, म्हणून ते सोसणारे पाइप घ्या आणि गाडी ठेवून देताना टाकी रिकामी करा. गळक्या टाकीला वेल्डिंग करायला जाऊ नका, रिकामी दिसली तरी.

चेन आणि क्लच

दोन्ही दातेरी चक्रांना लागून एक सरळ पट्टी धरा. फट दिसली तर ती आधी जुळवा, नाहीतर चेन उतरते. चेन मधोमध दाबल्यावर बोटभर ढिली असावी, एक्सल पूर्ण फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजा. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला. सेंट्रिफ्युगल क्लचच्या ड्रमच्या आतल्या बाजूला तेलाचा थेंब नको, त्याच्या मधल्या बुशला मात्र तेल हवं. क्लच तापून निळा पडला असेल तर त्याच्या स्प्रिंगा मेलेल्या असतात. आणि चेनवर गार्ड लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

कच्ची जुळणी

इथे बहुतेक जण सांगाडा रंगवून आणतात. थांबा. आधी सगळी गाडी रंगाशिवाय जुळवा, सुरू करा, चालवा. पहिल्या फेरीत काहीतरी घासतं, एखादा ब्रॅकेट वाकवावा लागतो, कुठेतरी वेल्ड मारावं लागतं. रंग आधी झाला असेल तर तो जळतो, खरवडतो, आणि मग मन खट्टू होतं.

पहिल्यांदा सुरू करताना मागची चाकं जमिनीपासून उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवा. अग्निशामक हाताशी ठेवा. सैल बाह्या, मोकळे केस, स्कार्फ काही नको, आणि फिरत्या एक्सलजवळ हातमोजेही नकोत. थ्रॉटल दाबून सोडून बघा: कार्ब्युरेटरवर एक आणि पेडलवर एक अशा दोन परतीच्या स्प्रिंगा हव्यात. इंजिन बंद करायचं बटण सुरू करण्याच्या आधी तपासा. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात ते बटण ठिणगीची तार सांगाड्याला जोडून देतं, म्हणजे इंजिन थांबतं.

पहिली फेरी मोकळ्या, बंदिस्त जागेत, सावकाश. पूर्ण हेल्मेट, हातमोजे, जाड कपडे, घोट्यावरचे बूट. दहा मिनिटांनी थांबा आणि प्रत्येक नट पुन्हा आवळा. चाकांचे, स्टिअरिंगचे, इंजिन माउंटचे. प्लग काढून बघा: चॉकलेटी रंग हवा, पांढुरका असेल तर मिश्रण विरळ आहे, तसंच पुढे चालवू नका.

आता रंग

सगळं मनासारखं झालं की गाडी पुन्हा खोला. मूळ रंग जिथे धरून आहे तिथे तो राखता येईल का, हा विचार एकदा तरी करा. माझं मत विचाराल तर धरलेला, थोडा उडालेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगाहून जास्त मोलाचा. नंबराची पट्टी आणि जुनी स्टिकरं वाचवता आली तर वाचवा, निदान त्यांचे पट्टी धरून मोजलेले फोटो ठेवा. रंगवायचंच ठरलं तर मूळ रंगाची छटा सीटखाली किंवा ब्रॅकेटच्या मागे शोधा, तिथे ऊन लागलेलं नसतं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मास्क लावा.

पावडर कोटिंग टिकतं, पण थर जाड असतो. किंगपिनची भोकं, बेअरिंगच्या जागा आणि आटे आधी झाकून घ्या, नाहीतर काहीच बसणार नाही. आणि इंजिन माउंट जिथे टेकतं तिथली एक आणि बंद करायच्या बटणाची तार जिथे बसते तिथली एक, अशा दोन छोट्या जागा धातू दिसेपर्यंत घासून ठेवा. तिथे रंग राहिला तर तार सांगाड्याला जोडली जात नाही, आणि बटण दाबलं तरी इंजिन बंद होत नाही. म्हणून रंगानंतर गाडी पुन्हा स्टँडवर चढवा, मागची चाकं उचला, सुरू करा आणि बटण दाबा. इंजिन थांबलं की मगच तिला जमिनीवर उतरवा.